नभोवाणीचा बाजार आणि जात्यावरची ओवी

पुण्याच्या आकाशांत नवें नभोवाणी-केंद्र अवतरावयाचें झालें म्हणजे त्याच्या आगमनाची दवंडी ठरलेल्या शब्दांत पिटली जाते. चौकाचौकांत मोठाले फलक उभे राहतात, त्यांवर एकाद्या निवेदकाचें हसरें मुख झळकूं लागतें, आणि आजवर कोणीं दिलें नाहीं तें आम्ही देणार, अशी ग्वाही पुणेकरांस मिळते. मग पहिला दिवस उजाडतो. श्रोता उत्सुकतेनें यंत्राची कळ फिरवितो, आणि त्याच्या कानीं काय पडतें? शेजारच्या केंद्रावर घटकेपूर्वीं वाजून गेलेलें तेंच हिंदी चित्रपटगीत, तोच खिदळण्याचा स्वर, त्याच सोनाराची आणि त्याच गृहरचनेची जाहिरात. ९१.१ वरून ९३.५ वर आणि तेथून ९८.३ वर कळ सरकविली तरी, केंद्राच्या नांवाचा घोष होईपर्यंत, आपण घर बदललें आहे हें ध्यानांत येत नाहीं.

स्पर्धा वाढली म्हणजे माल स्वस्त होतो आणि विविध होतो, असें अर्थशास्त्राचें पहिलें पुस्तक सांगतें. गाणें येथें मूळचेंच फुकट आहे. राहतां राहिली विविधता. तिची वाट पुणेकर श्रोता गेलीं वीस वर्षें पाहत आहे. केंद्रचालक सारे अरसिक आहेत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. त्यांच्यापैकीं कित्येक घरीं उत्तम गाणें ऐकत असतील. पण सरकार लहरींचा लिलाव करतें. २०१५ सालच्या लिलावांत दिल्लींतील एका वाहिनीवर १६९ कोटी रुपयांची बोली लागली. पुण्याचे आंकडे त्याहून लहान असले तरी न्याय तोच. एक गाणें वाजविण्याच्या आधींच ज्यानें एवढी रास ओतली, तो पुढचें प्रत्येक गाणें भीत भीत निवडतो; आणि भित्र्या माणसाला शेजाऱ्यानें मळलेली वाट सर्वांत सुरक्षित वाटते. बातम्यांचें क्षेत्र त्याला बंद आहे. आकाशवाणीचीं वार्तापत्रें जशींच्या तशीं ऐकविण्यापलीकडे त्याला मुभा नाहीं. शिवाय २०११ च्या धोरणानें एका मालकास एकाच शहरांत एकाहून अधिक वाहिन्या बाळगण्याची सोय करून दिली. तेव्हां जिला आपण स्पर्धा म्हणतों ती कित्येकदां एकाच घरांतल्या दोन भावांची लुटुपुटीची कुस्ती असते.

या सर्वांवर केंद्रचालकांचें एक ठेवणींतलें उत्तर आहे: "लोकांना हेंच हवें." ज्या मोजमापाच्या जोरावर नभोवाणीच्या धंद्यांत अशीं विधानें केलीं जात, तें २००७ सालीं सुरू झालेलें साप्ताहिक श्रोतृमापन मुंबई, दिल्ली, कलकत्ता व बंगळूर या चार नगरांपुरतें होतें. पुण्याचा श्रोता त्या तराजूंत बसलाच नाहीं. बरें, क्षणभर असें धरूं कीं तो बसला असता. ज्याच्यापुढें बारा महिने एकच भाजी वाढली, त्याच्या पानावर तीच भाजी संपलेली पाहून "याला हीच आवडते" असा निर्णय करणारा वाढपी कितपत शहाणा म्हणावा?

तीं न वाढलेलीं पक्वान्नें कोणतीं, असें कोणी विचारील. ओवी, भलरी, भारूड, गोंधळ, वाघ्या-मुरळीचें जागरण, पोवाडा, लावणी, कलगी-तुऱ्याचे झगडे, धनगरी ओव्या, भीमगीतें: पुण्याच्या भोंवतालचा सारा मुलूख या गाण्यांनीं भरलेला आहे, आणि आतां तर तो मुलूख पुण्यांतच आला आहे. २०१७ सालीं अकरा व २०२१ सालीं तेवीस अशीं चौतीस गांवें महानगरपालिकेच्या हद्दींत घेण्यांत आलीं. (त्यांपैकीं फुरसुंगी व उरुळी देवाची हीं दोन पुढें पुन्हां वेगळीं काढलीं, तो निराळ्या राजकारणाचा विषय आहे.) गांवांची जमीन शहराला हवी होती, ती घेतली. त्यांचें पाणी आणि मनुष्यबळ हवें होतें, तेंहि घेतलें. त्यांचें गाणें मात्र वेशीबाहेर उभें आहे.

आणि तें गाणें उपलब्ध नाहीं, ही सबबहि पुण्यांत चालण्यासारखी नाहीं. गी पॉइत्वाँ हे फ्रान्सांतून येऊन पुण्यास स्थायिक झालेले अभ्यासक आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनीं १९८० नंतरच्या दशकांत मुळशी-मावळच्या डोंगरपट्टींतील बायकांपासून आरंभ करून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, त्याची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक हजारांहून अधिक गांवें आणि तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या स्त्रिया! पुढें त्यांपैकीं कितीतरी ओव्या प्रत्यक्ष त्या बायकांच्या कंठांतून ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ही संस्था त्या क्रमाक्रमानें जगापुढें ठेवीत आहे. पहांटे काळोखांत जातें ओढतांना ज्या बाईनें सासरचा जाच, भावाची वाट, विठ्ठलाचें वेड आणि बाबासाहेबांचें ऋण हीं सारीं एकाच लयींत गुंफलीं, तिचा आवाज आज पॅरिसचा संशोधक घरबसल्या ऐकूं शकतो. सिंहगड रस्त्यावरच्या गर्दींत खोळंबलेल्या रिक्षावाल्याला मात्र तो ऐकूं येत नाहीं. आणि कदाचित् ती त्याचीच आजी असेल.

खेडवळ गाणें शहरांत विकलें जात नाहीं, हा आक्षेप उरतो. या ठिकाणीं जरा दूरच्या एका शहराचा दाखला घेणें अवश्य आहे, कारण हाच वाद तेथें शंभर वर्षांपूर्वीं होऊन गेला आहे. अमेरिकेच्या टेनेसी संस्थानांत नॅशव्हिल म्हणून नगर आहे. महाविद्यालयांची दाटी आणि विद्वत्तेचा डौल यांमुळें तें स्वतःस 'दक्षिणेचें अथेन्स' म्हणवून घेई. इतकेंच नव्हे तर अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची तेवढ्याच आकाराची प्रतिकृति त्यानें आपल्या उद्यानांत उभी केली. विद्येचें माहेरघर म्हणून मिरविणाऱ्या शहरास ही प्रकृति परकी वाटूं नये. १९२५ सालीं तेथल्या एका विमाकंपनीनें 'डब्ल्यूएसएम' हें नभोवाणी-केंद्र काढलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत जॉर्ज हे या निवेदकानें सत्याहत्तर वर्षांच्या एका खेडवळ फिडलवाल्यास ध्वनिक्षेपकासमोर बसविलें. शहरांतील प्रतिष्ठितांनीं नाकें मुरडलीं. अथेन्समध्यें हीं शेतकऱ्यांचीं गाणीं कशाला? पण मागण्यांचा असा ओघ सुरू झाला कीं शनिवारची ती रात्र कायमची ठरून गेली. १९२७ मध्यें तिला 'ग्रँड ओल ऑप्री' हें नांव पडलें. १९३२ पर्यंत केंद्राची शक्ति पन्नास हजार वॅटवर पोंचली, आणि विमाकंपनीचे दलाल खेड्यापाड्यांतल्या दारांवर त्या कार्यक्रमाचें नांव सांगून पॉलिस्या विकूं लागले. तो कार्यक्रम अद्यापि चालू आहे. तेथें ज्याला 'कंट्री म्युझिक' म्हणतात त्या गाण्याला वाहिलेलीं केंद्रें आज त्या देशांत दोन हजारांच्या घरांत आहेत. हें कांहीं कोण्या लोककलेच्या उद्धारकानें केलें नाहीं. विम्याचे हप्ते मोजणाऱ्या व्यापाऱ्यानें केलें, आणि त्याला त्यांत नुकसान आलें नाहीं.

तथापि या दाखल्याची दुसरी बाजू लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. किंबहुना आमच्या मतें तीच अधिक बोधप्रद आहे. त्याच जॉर्ज हे यानें शहरांत नोकरीधंदा करणाऱ्या सभ्य पोषाखाच्या वादकांस शेतकऱ्याचे ढगळ विजारीचे वेष चढविले आणि त्यांच्या मेळ्यांना मुद्दाम गांवठी, हास्यास्पद नांवें दिलीं. शहराला जसा खेडूत पाहावयाचा होता तसा खेडूत त्यानें बनविला. डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक त्या कार्यक्रमाच्या पहिल्या तारकांपैकीं एक. १९४१ सालीं त्याला काढून टाकण्यांत आलें, आणि त्या गाण्याचा इतिहास पुढें कितीतरी वर्षें जणूं तो कधीं नव्हताच अशा थाटांत सांगितला गेला. आमच्याकडे हा धोका काल्पनिक आहे काय? फेटा, नथ आणि "काय पाव्हणं" एवढ्या भांडवलावर खेडें उभें करणारे निवेदक आम्हीं पाहिले आहेत. लावणी मोठमोठ्या रंगमंदिरांत गेली. परंतु जिनें ती पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली त्या कोल्हाटी समाजाच्या बाईला त्या रंगमंदिरांत किती वेळां मानाची खुर्ची मिळाली? गाणें घ्यावें आणि गाणारीला गाळावें, हा व्यवहार आपल्यालाहि चांगला जमतो. म्हणून नुसतीं लोकगीतें लावा एवढेंच आमचें मागणें नाहीं. गोंधळ्याच्या तोंडून गोंधळ ऐकूं द्यावा, त्याचें नांव घ्यावें, आणि त्याची बिदागी त्याला द्यावी.

एका गोष्टीचा खुलासा येथें केला पाहिजे, कारण पुण्यांत अशा विषयावर लिहिणाऱ्यावर बंदीखोरपणाचा आरोप लवकर येतो. चित्रपटगीतें बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. तो प्रयोग एका पुणेकरानेंच करून पाहिला आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ सालीं नभोवाणीमंत्री झाले आणि श्रोत्यांची अभिरुचि शुद्ध करण्यासाठीं त्यांनीं आकाशवाणीवरून चित्रपटगीतांस जवळजवळ हद्दपार केलें. श्रोते शुद्ध झाले नाहींत. ते सिलोनला गेले. त्याच वर्षीं रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि अखेर १९५७ च्या ऑक्टोबरांत विविधभारती काढून सरकारला आपलीं दारें पुन्हां उघडावीं लागलीं. अभिरुचि हुकुमानें बनत नाहीं. पण ती एकाच पदार्थाच्या माऱ्यानेंहि बनत नाहीं. केसकरांची चूक आणि आजच्या केंद्रचालकांची चूक या एकाच जातीच्या आहेत: दोघांनींहि श्रोत्याच्या वतीनें निवड आधींच करून टाकली.

आणि ही निवड ज्या लहरींवरून लादली जाते त्या लहरी कोणाच्या? १९९५ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. पी. बी. सावंत यांनीं लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा उपयोग लोकहितार्थ झाला पाहिजे, असा निर्वाळा दिला. सार्वजनिक विहिरीचा मक्ता घेणाऱ्यानें एकाच आळीला पाणी सोडावें, हें कोणतेंहि गांव सहन करणार नाहीं.

पुण्याची नभोवाणी पूर्वीं अशी नव्हती. येथील केंद्र १९५३ च्या २ ऑक्टोबर रोजीं निघालें, आणि दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १९५५ च्या रामनवमीला, त्यानें गीतरामायण सुरू केलें. आठवड्यास एक याप्रमाणें छप्पन्न गीतांची ती माळ ओवण्याचें धाडस सीताकांत लाड, माडगूळकर आणि सुधीर फडके यांनीं कोणतें मोजमाप पाहून केलें होतें? त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट पुढच्याच वर्षाची. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत युनेस्कोच्या साह्यानें याच पुणें केंद्रानें पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें खेड्यांत नभोवाणीचे ग्रामीण मंच भरविले. खेडुतांनीं एकत्र बसून वीस कार्यक्रम ऐकले, त्यांवर चर्चा केली, आणि आपले प्रश्न उलट केंद्राकडे पाठविले. त्या प्रयोगाचा अभ्यास जगभर झाला. खेड्याला बोलावयाला लावणारी नभोवाणी पुण्यांत एकदां होऊन गेली आहे. आम्ही कांहीं आकाशांतला चंद्र मागत नाहीं.

दोष केवळ केंद्रचालकांचाहि नाहीं. हें मासिक ज्या घरांत वाचलें जातें त्या घरांकडेहि थोडें वळून पाहिलें पाहिजे. लोककलेवरील परिसंवादास आपण जातों, ओवीच्या काव्यगुणांवर लिहिलेला लेख वाचून गहिंवरतों, मुलांच्या स्नेहसंमेलनांत वासुदेवाची टोपी भाड्यानें आणतों. तोच वासुदेव सकाळीं सोसायटीच्या फाटकाशीं आला तर पहारेकऱ्याला त्याला आंत सोडूं नकोस म्हणून बजावणारेहि आपणच. जाहिरातदार आपल्याला ओळखून आहे. आपल्या कानांना काय चालतें याचा अंदाज बांधूनच तो पैसा टाकतो. आणि त्याचा अंदाज आपण अद्याप खोटा पाडलेला नाहीं.

तरीहि ज्या कोणा धाडसी गृहस्थास पुण्यांत पुढचें केंद्र काढावयाचें असेल, त्यानें लिलावाचीं कागदपत्रें भरण्यापूर्वीं एक दिवस नारायणगांवास जावें. पुण्यापासून अंतर पाऊणशें किलोमीटर. विठाबाईंच्या त्या गांवीं पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, आणि यात्रेची सुपारी द्यावयाला गांवोगांवचे पंच जमलेले असतात. तेथें गाण्याचा भाव रोकड्या पैशांत ठरतो. लोकांस काय हवें आणि त्यासाठीं ते काय मोजतात, हें त्यानें एकाद्या राहुटींत चटईवर बसून स्वतः ऐकावें. पंच लोक चहा पाजल्याशिवाय उठूं देणार नाहींत.