हौस सस्पेन्शनची, कात्री कायद्याची

कमी-जास्त करता येणारे सस्पेन्शन घरीच बसवून गाडी खाली आणण्याची हौस महागात पडू शकते. उत्पादकाची मूळ रचना बदलता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली.

धोका काल्पनिक नाही. उंची बदलली की चाकांची अलाइनमेंट बिघडून टायर एका बाजूने झिजतात. पुढची-मागची उंची विषम झाल्यास हेडलाइटचा झोत भलतीकडे जातो. मात्र जर्मनीत असे सस्पेन्शन तपासणीनंतर कागदपत्रांत नोंदवता येते. सीएनजी किटसाठी मान्यता व नोंदणीची वाट भारतातही आहे. सस्पेन्शनसाठी ती सुलभ झाली नाही, तर हौस थांबणार नाही. ती केवळ तपासणीविना रस्त्यावर येईल.