विद्यार्थ्यांच्या झोपेवर डल्ला

रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणाऱ्या विद्यापीठीय तरुणांमध्ये वाढलेला रक्तदाब अधिक आढळतो, असे सुचविणारे काही अभ्यास अलीकडे प्रसिद्ध झाले आहेत. अशी बातमी आली की आपल्याकडे उपदेशाला ऊत येतो. पिढी बिघडली, संयम उरला नाही, अशी भाषणे स्नेहसंमेलनांतून झडतात. (भाषण संपताच वक्ते स्वतःच्या मोबाइलमध्ये डोके खुपसतात, ते सोडून देऊ.) व्यक्तीला दोषी ठरविले की व्यवस्था आपोआप सुटते.

अतिशयोक्ती आपणही करू नये. यांतील बहुतेक अभ्यास एकाच वेळी केलेल्या पाहणीचे आहेत. त्यांवरून मोबाइलनेच रक्तदाब वाढतो असे सिद्ध होत नाही. चिंतेने झोप उडालेला विद्यार्थीच मोबाइलकडे वळत असेल, हेही शक्य आहे. मीठ, तंबाखू, लठ्ठपणा, अनुवंश ही कारणे आहेतच. परंतु झोपेचा दुवा भक्कम आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीच्या झोपेत साधारणपणे १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी विश्रांती ती हीच. झोप तुटली की शरीर सावधच राहते आणि ही उतरण कमी होते. शिवाय हा विकार बहुधा मुकाट्याने वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील उच्च रक्तदाबाच्या जवळजवळ निम्म्या प्रौढ रुग्णांना आपल्या आजाराचा पत्ताच नसतो.

ही झोप कोण नेतो? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरल्यानंतर इंटरनेट झपाट्याने स्वस्त झाले. गरीब विद्यार्थ्याला त्याचा लाभ झाला, हे नाकारणे करंटेपणाचे ठरेल. पण फुकट वाटणाऱ्या सेवांचा नफा जाहिरातींतून येतो, आणि जाहिराती विकल्या जातात त्या पाहणाऱ्याच्या वेळावर. न संपणारी पाने, आपोआप सुरू होणारी पुढली चित्रफीत, खुणावणारा लाल ठिपका ही सारी या हिशेबाची अवजारे आहेत. वर्गणीवर चालणाऱ्या नेटफ्लिक्सचे तत्कालीन प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी तर २०१७ साली आपली स्पर्धा झोपेशी आहे, असे उघडच सांगितले. भांडवल कामगाराच्या झोपेचा वेळही गिळू पाहते, हे मार्क्सने १८६७ साली कामाच्या दिवसावरील प्रकरणात दाखविले होते. नवे एवढेच, की आजच्या या मजुराचे नाव हजेरीपटावर नाही आणि त्याला मजुरीही नाही.

शिक्षणसंस्थाही यातून मोकळ्या नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत सोय म्हणून आलेली पद्धत पुढे सक्तीच बनली. वेळापत्रक, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीची सूचना, सारे काही मोबाइलवर, आणि तेही वाटेल त्या वेळी. स्पर्धा परीक्षेसाठी गावाहून पुण्यात आलेली, अभ्यासिकेतील एका खुर्चीचे मासिक भाडे भरणारी मुलगी पाहा. तिचा फळा, तिची करमणूक आणि घराशी असलेला तिचा धागा, सारे त्या एका यंत्रात आहे. परवडणारे वसतिगृह नाही, मैदान नाही, आणि वर तिला सांगावयाचे की मोबाइल दूर ठेव! ही थट्टा आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभारलेल्या चळवळीमुळे. मालकांना पाझर फुटला म्हणून नव्हे. कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून मुक्त राहण्याचा कामगारांचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला. तोच हक्क विद्यार्थ्यांसाठी मागावयास हवा. रात्री आठनंतर महाविद्यालयाची कोणतीही सूचना नको, प्रत्येक सूचना फळ्यावरही लागावी, आणि प्रत्येक वसतिगृहात वर्षातून एकदा रक्तदाबाची मोफत तपासणी व्हावी. झोप मोडणाऱ्या रचनांवर कायद्याचे नियंत्रण आणणे ही संसदेतील लढाई आहे; तिला वेळ लागेल. तोवर जूनमध्ये महाविद्यालये उघडताच आपल्या कार्यकर्त्यांनी प्रवेशाच्या रांगेशेजारी एक टेबल, डॉक्टर मित्र आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र मांडावे, आणि या मागण्यांवर तेथेच सह्या घ्याव्यात.