आवक चालू, जावक बंद

मानवत किंवा सेलूच्या एखाद्या जिनिंगच्या दप्तरातून कापसाच्या गाठींचे बिल दुपारपर्यंत व्यापाऱ्याकडे रवाना व्हावयाचे असताना आउटलुकच्या पडद्यावर इंग्रजीत चूक उमटली, की ती न वाचताच पासवर्ड पुनःपुन्हा टंकणे, तेवढ्याने न भागल्यास खातेच काढून नव्याने बसविणे आणि अखेरीस परभणीहून संगणकवाल्यास पाचारण करून पासवर्ड त्याच्या स्वाधीन करणे, हा जो रिवाज आपल्या जिल्ह्यात रूढ झाला आहे, तो मला सर्वथा अनिष्ट वाटतो. पत्रे संगणकावरच उतरवून घेणाऱ्या पीओपी पद्धतीत तर घाईने खाते काढले असता वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार दृष्टीआड होण्याचे भय असते.

वस्तुतः कचेरीच्या बारनिशीप्रमाणे येथेही आवक आणि जावक या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत: पत्रे आणण्याचे काम पीओपी किंवा आयमॅपकडे, पाठविण्याचे एसएमटीपीकडे. त्यामुळे ‘मेल येतात, पण जात नाहीत’ ही तक्रार म्हणजेच निम्मे निदान होय. इंटरनेट शाबूत आहे हे तिनेच सिद्ध होते. १९८२ साली एसएमटीपीचे नियम ठरले तेव्हा पाठविणाऱ्याची ओळख विचारण्याची तजवीज त्यांत नव्हती; त्या मोकळीकीचा फायदा घेऊन नको त्या जाहिरातींचा पूर लोटला, म्हणून अनेक इंटरनेट पुरवठादारांनी २५ क्रमांकाचे पोर्ट बंद केले. अशा ठिकाणी ५८७ घालून, जावकेसाठीही युजरनेम व पासवर्ड मागण्याची खूण चालू करावी, म्हणजे बहुधा काम भागते. दोन्ही मार्ग खुंटून पासवर्डचाच तगादा लागला, तर मात्र कारण निराळे. २०२२ पासून गूगलने जुन्या प्रोग्रॅमांना नेहमीच्या पासवर्डावर प्रवेश देणे थांबविल्यामुळे, अचूक टंकलेला पासवर्डही तेथे नाकारला जातो, आणि खात्यात दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो.

निविदेचे जाडजूड स्कॅन जोडलेले पत्र आउटबॉक्समध्ये अडकते, ते वेगळ्याच कारणाने. जोडलेली फाइल रवाना होताना सुमारे एक-तृतीयांशाने फुगते, म्हणून २० एमबीची फाइल २५ एमबीच्या मर्यादेत मावेल हा हिशेब फसतो.

यात कारकुनांचा दोष मी मानीत नाही. ज्या भाषेत ते दिवसभर दप्तर सांभाळतात, त्या मराठीत ही चूक त्यांना कोणी सांगतच नाही. एमएस-सीआयटीच्या वर्गांनी पत्र पाठविण्याइतकाच वेळ ते न गेल्यास काय तपासावे यासही द्यावा, आणि प्रत्येक दप्तराने सर्व्हरचे नाव, पोर्ट क्रमांक व सुरक्षिततेचा प्रकार एका पानावर लिहून ठेवावा. संगणकवाल्यास बोलवावेच लागले, तर त्याच्या हाती हे पान द्यावे. पासवर्ड मात्र कारकुनाने स्वतः टंकावा.