गळते कुठे, शिरते कुठे!

आमच्या घरी १९८४ सालची पद्मिनी आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नंबर लावून आणि पुष्कळ वाट पाहून ती घेतली, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आता अण्णांनी ऐंशी ओलांडली आहे, मला चष्म्याचे दोन नंबर लागले आहेत आणि गाडीला पावसाळा सोसत नाही. तिघांत कमी कुरकुर गाडीचीच, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. परंतु तिच्याच मुखातून एका आषाढात उद्गार निघाले, “अहो, माझी चप्पल तरंगते आहे!”

डाव्या बाजूला, पुढच्या सीटखाली, तळे साचले होते.

या सदरातून मी आजवर ऱ्हस्वदीर्घापासून मुलांच्या अभ्यासापर्यंत वाचकांना बराच उपदेश केला आहे. तेव्हा गाडी दुरुस्त करायला मिस्त्री कशाला, असे मला वाटले यात नवल नाही. पहिल्या पावसाळ्यात मी पुढच्या काचेभोवती बाहेरून सिलिकॉनची नळी रिकामी केली. दुसऱ्या पावसाळ्यात दाराच्या खालच्या कडेला तीन-चार बारीक भोके दिसली आणि त्यांतून पाणी ठिबकत होते. जिथून पाणी बाहेर येते तिथूनच ते आतही जात असणार, असा तर्क करून मी ती भोके लांबी भरून बुजवून टाकली. तिसऱ्या पावसाळ्यात तळे दुप्पट झाले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आमची पाळी २०२४ च्या डिसेंबरात होती. तळाचा पत्रा सडला असेल तर गाडी पास कशी व्हायची? अण्णा काही बोलत नसत; पण रोज सकाळी खाली जाऊन मॅट उचलून पाहत. अखेर जूनमध्ये मी शरण गेलो आणि मिस्त्रींना घरी बोलावले.

त्यांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. प्रथम मॅट आणि तिच्याखालचे जाड अस्तर काढून उन्हात टाकले. अस्तर पिळल्यावर बादलीभर पाणी निघाले. मग दाराच्या आतले कव्हर काढले, उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्रे अंथरली, अण्णांच्या हाती विजेरी देऊन त्यांना आत बसवले आणि मला बागेची नळी धरायला सांगितले. “जोर नको, सर. नुसती धार सोडा. आणि खालून वर चला. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडे ओघळते, मग चोर सापडत नाही.”

मराठीचा मास्तर असूनही ‘गळणे’ आणि ‘शिरणे’ यांतला भेद मला त्या दिवशी कळला. पाणी गळते एका जागी, शिरते भलत्याच जागी. मधला प्रवास ते पत्र्याच्या आडून करते. उंबऱ्यावर दहा मिनिटे धार धरली, कागद कोरडा. दाराच्या काचेवर धरली, तेव्हा दारातून डुचमळल्यासारखा आवाज आला आणि थोड्या वेळाने दाराच्या आतल्या पत्र्यातून पाण्याची वेणी तळावर उतरली. अण्णांनी काचेवर टकटक केले. पुढे मुख्य काचेच्या डाव्या कोपऱ्यावर धार नेली. तिथले पाणी डॅशबोर्डामागे शिरून वायरींच्या जुडग्यावरून खाली आले. पुन्हा टकटक. म्हणजे चोर दोन होते.

मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरने दाराची खालची कड खरवडली. लांबीचा खडा निघाला आणि मागोमाग तपकिरी पाण्याची चूळ. दाराच्या काचेशेजारून थोडे पाणी दारात जायचेच, ते बाहेर पडावे म्हणूनच ती भोके असतात, असे ते म्हणाले. “ही कोणी बुजवली?”

अण्णा संतापले. “त्या जुन्या मिस्त्र्याचे काम! मला त्याची लक्षणे तेव्हाच—” तो बिचारा गॅरेज बंद करून केव्हाच गावी गेला होता. गप्प बसणे फार सोपे होते. मी नळी बंद करीपर्यंत गप्प बसलोही.

“मी बुजवली, अण्णा.”

अण्णांनी विजेरी विझवली. “मग आता तू लक्ष दे,” एवढेच म्हणाले.

दाराची कड कुजली होती आणि तळाच्या पत्र्यातून स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. बॅटरीची तार सुटी करून कुजका भाग कापला, नवा पत्रा वेल्ड केला, सांध्यांत सीलर भरला, रेड ऑक्साइड लावले. पुढची काच उतरवली तेव्हा माझ्या सिलिकॉनखाली पाणी कोंडून चौकटीची कड गंजलेली दिसली. ती घासून, रंगवून, वाळवूनच नवे रबर घातले. गंजावर बसवलेले नवे रबरसुद्धा गळते. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तरी रबर मिळाले. दुकानदार दुसऱ्या गाडीचे काढलेले स्वस्तात देत होता. मिस्त्रींनी ते चिमटीत वाकवून त्याच्या भेगा मला दाखवल्या. काच बसवण्याची युक्ती पाहण्यासारखी असते. रबराच्या खाचेत दोरी गुंडाळायची, साबणाचे पाणी लावायचे, काच बाहेरून दाबायची आणि आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरीबरोबर रबराची कड चौकटीवर चढत जाते. दोरी अण्णांनी ओढली.

पुढच्या रविवारी पुन्हा नळी, पुन्हा वर्तमानपत्र. अर्धा तास धार धरली. आतून टकटक नाही. मी घाबरून डोकावलो, तर अण्णा अंथरलेला अग्रलेख वाचत होते. कागद कोरडा होता आणि दाराखालच्या भोकांतून पाणी टपटप रस्त्यावर पडत होते. डिसेंबरात गाडी पास झाली.

डिकीत मात्र अजून थेंब येतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याचा शोध घ्यायचा आहे. विजेरी घेऊन डिकीत आपण बसू, असे अण्णा म्हणत होते. मी निक्षून नको म्हणालो, तेव्हा त्यांनी माझे नाव सुचवले.