घरकुलाच्या यादीत पीककर्ज आडवे येते

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण यादीत आधी बेघर, मग एका आणि दोन कच्च्या खोल्यांत राहणारे, असा क्रम आहे. सारख्याच घरांमध्ये कोणाचा नंबर आधी, हे वंचिततेच्या गुणांवर ठरते आणि यादी ग्रामसभेपुढे येते. वशिल्यापेक्षा ही पद्धत केव्हाही बरी. वर्धा जिल्ह्यात मात्र तिच्यातल्या दोन अटी गरजवंतालाच मागे ढकलतात.

किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार रुपये किंवा त्याहून जास्त असली, की कुटुंब अपात्र. २०२४ मध्ये केंद्राने निकष सैल केले. दुचाकी, फ्रीज, लँडलाइन आता आड येत नाहीत; उत्पन्नाची मर्यादाही महिना १० हजारांवरून १५ हजारांवर गेली. कार्डाची अट तेवढी राहिली. देवळी, हिंगणघाट, समुद्रपूरकडच्या कोरडवाहू कपाशीवाल्याला बियाणे, खत, फवारणीचा खर्च या कार्डावरच्या पीककर्जाशिवाय झेपत नाही. बोंडअळीने किंवा पावसाने पीक नेले, की तोच आकडा थकबाकी होऊन अंगावर बसतो. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले, त्यांत वर्धा होता. तेव्हा ज्या कर्जावर सरकारने उपाय शोधला, तेच घरकुलाच्या छाननीत सुबत्तेची खूण धरले जाते. हा सरळ अन्याय आहे.

दुसरी अट वयाची. बाई कुटुंबप्रमुख असेल आणि घरात १६ ते ५९ वयाचा पुरुष नसेल, तर गुण मिळतो. नवऱ्यामागे घर ओढणाऱ्या बाईचा मुलगा गणनेच्या वेळी सोळाचा असला, तर तो गुण गेला. पोरगा अकरावीत, मतदानाचे वय अजून दूर. पण कागदावर कर्ता पुरुष. पऱ्हाट्यांचा कूड, त्यावरचे शेणामातीचे लिंपण आणि वरचे टिनपत्रे मात्र आहेत तसेच.

गुण सारखे असतील, तर कुष्ठरोग, कर्करोग किंवा एचआयव्ही असलेल्या घरांना अग्रक्रम द्यावा, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये ज्या वर्धा जिल्ह्यातल्या दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली, त्या जिल्ह्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. याच ओळीत आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याचे कुटुंब यायला हवे.

मोठ्या शेतकऱ्याला बाजूला काढायला जमिनीची अट आहेच: अडीच एकर ओलित किंवा पाच एकर कोरडवाहू. म्हणून क्रेडिट कार्डाची अट केंद्राने पूर्ण काढावी आणि कर्त्या पुरुषाचे वय १६ ऐवजी १८ धरावे. राज्यानेही ही मागणी लेखी लावून धरावी.