कर्करोगाची भीती आणि बीडच्या भगिनी



रक्ताच्या तपासणीतून गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखता येईल काय, असे अनेक भगिनींना विचारावेसे वाटते. त्यामागील संकोच समजण्याजोगा आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी, तपासणीवाचून केवळ भीती पसरली असता काय घडते, याचे बीड जिल्ह्यातील उदाहरण पाहावयास हवे.

बीडमधून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. फडावर ना शौचालय, ना पुरेसे पाणी. एक खाडा पडला तर मजुरी बुडते, वर दंड बसतो आणि घेतलेली उचल तर फेडायची असतेच. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलेल्या कित्येकींना ‘पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल’ असे सांगितले गेले. वास्तविक हा त्रास बहुधा जंतुसंसर्गाचा असतो आणि औषधोपचाराने बरा होतो.

खेदाची गोष्ट ही की, या भीतीवरचे उत्तर शेजारच्या जिल्ह्यातच सापडले होते. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास केला. हा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. ज्या गटात या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, त्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे बीडचा अहवाल येण्यापूर्वी दहा वर्षे!

आता रक्ताविषयी. विषाणूचा संसर्ग झालेल्या प्रत्येक स्त्रीच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतातच असे नाही; झाली तर संसर्ग निघून गेल्यावरही ती वर्षानुवर्षे राहू शकतात. त्यामुळे आज रोग आहे की नाही, हे ती सांगू शकत नाहीत. घशाच्या काही कर्करोगांत विशिष्ट प्रतिपिंडे रोगाच्या कित्येक वर्षे आधी आढळतात. गर्भाशयमुखाच्या बाबतीत मात्र ती पुरेशी विश्वसनीय ठरलेली नाहीत. म्हणून गर्भाशयमुखाच्या तपासणीला रक्त हा पर्याय नव्हे.

संकोचावर मात्र उपाय आहे. एचपीव्ही तपासणीचा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ही पद्धत मान्य केली आहे. जेथे ही सोय नाही, तेथे प्रशिक्षित परिचारिका सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची पाहणी करू शकते. कर्करोगपूर्व बदल आढळले, तर बहुतेक वेळा गर्भाशय न काढता काही मिनिटांत उपचार होतो. मुलींसाठी प्रतिबंधक लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने २०२३ मध्ये स्वदेशी लसही उपलब्ध करून दिली.

तीस वर्षांवरील भगिनींनी ही तपासणी करून घ्यावी. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी ती हंगामावर निघण्यापूर्वीच करावी. आपल्या धर्मग्रामातील महिला मंडळांनी त्यांना सोबत करावी. आणि कोणी ‘पिशवी काढा’ असे सांगितले, तर तपासणीत काय आढळले हे विचारावे, लेखी अहवाल मागावा आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून संमतिपत्रावर अंगठा उठवू नये.