गार वारा सुटला, की होडी काठालाच ठेवा

चैत्र-वैशाखात दोन दिवस आभाळ भरून आले, पारा चार-पाच अंशांनी उतरला, की वर्तमानपत्रांत ठरलेली ओळ छापून येते. 'अवकाळीची हजेरी, उकाड्यापासून दिलासा.' घडावर आलेली केळीची बाग आडवी झालेला किंवा खळ्यात उघड्यावर कांदा पडलेला शेतकरी ही ओळ वाचून कपाळाला हात लावतो, आणि ते बरोबरच आहे. पण हा दिलासा ज्याच्या जिवावर बेतू शकतो असा आणखी एक माणूस आपल्यात आहे. धरणाच्या पाण्यातून होडीने ये-जा करणारा. आजचे हे चार शब्द उजनीच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्या तुम्हा मंडळींसाठी आहेत. कोयना आणि जायकवाडीच्या काठच्या लोकांनीही वाचायला हरकत नाही, पाणी सगळीकडचे सारखेच.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे होडी निघाली. होडीत सात जण. वाटेत वादळी वाऱ्याने गाठले, लाटा उसळल्या आणि होडी उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान लेकरे होती. होडी सापडली ती सुमारे पस्तीस फूट खोल पाण्यात. त्याआधी २०१७ च्या एप्रिलअखेरीस याच जलाशयात होडी उलटून चार डॉक्टर बुडाले होते. दोन्ही वेळा महिने उन्हाळ्याचे होते, पावसाळ्याचे नव्हे.

यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. २०२४ च्या त्या मे महिन्यात उजनी 'उणे' पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. उणे म्हटले की धरण कोरडे पडल्यासारखे वाटते. पण उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, आणि त्यातला ६३ टीएमसीहून जास्त नुसता मृतसाठा आहे. म्हणजे आकडा उण्यात गेला तरी भीमेच्या जुन्या पात्रात माणूस बुडेल असे पाणी बारमाही असतेच. उलट पाणी ओसरले की जुनी बांधकामे, झाडांचे बुंधे, बुडालेल्या गावांच्या भिंती वर येतात. पळसदेवचे देऊळ उघडे पडलेले तुम्ही पाहिलेलेच आहे. देऊळ लांबून दिसते, पाण्याखाली वीतभर राहिलेला बुंधा मात्र दिसत नाही.

आता वाऱ्याचे बघू. वळवाच्या पावसात होडीचा वैरी पाऊस नसतो, पावसाच्या पुढे धावणारा वारा असतो. सकाळपासून जमीन तापते, बाष्पाची हवा वर चढते, दुपारी तीन-चारच्या सुमारास ढगांचे डोंगर उभे राहतात. त्यातून पाऊस सुटतो, पण खालची हवा कोरडी असल्याने बरेचसे थेंब वाटेतच वाळून जातात. पाणी वाळताना हवा गार होते. आपला माठ गार होतो तसेच. गार हवा जड असते, ती धाडकन खाली येते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. जमिनीवर झाडे, घरे, उसाचे फड तिला अडवतात. पाण्यावर अडवायला कोण आहे? म्हणून ढग अजून पलीकडच्या तालुक्यात असतो, डोक्यावर ऊनही असते, आणि वारा तुमच्या होडीपर्यंत पोहोचलेला असतो.

हवामान खात्याच्या भाषेत वाऱ्याचा वेग एकाएकी ताशी २९ किलोमीटरने वाढून ४० किंवा त्याच्या वर गेला आणि निदान मिनिटभर टिकला, की त्याला चंडवात म्हणतात. एक मिनिट ऐकायला थोडे वाटते. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे विसरू नका. शिवाय तलावातल्या लाटा समुद्रासारख्या लांब पल्ल्याच्या नसतात. त्या आखूड, उभ्या आणि एकीमागून एक येतात. होडी एका लाटेतून सावरते न सावरते तोच दुसरी आत शिरते. दोन मोटारसायकली आणि आठ माणसे घेतलेल्या होडीचा काठ पाण्याच्या वर वीतभरच राहिलेला असेल, तर किती लाटा लागतील?

आणि आपली चूक नेमकी इथेच होते. गार झुळूक आली, ओल्या मातीचा वास आला, की काठावरचा माणूस म्हणतो, "चला, पाऊस यायच्या आत पलीकडं जाऊ." अहो, ती झुळूक म्हणजेच त्या वाऱ्याची पहिली कड आहे! घाई करून निघालेली होडी बरोबर मध्यावर सापडते. उन्हाच्या दिवसात अंगावर एकदम गार वारा आला, तर तो निघण्याचा नव्हे, थांबण्याचा इशारा समजा. इतके एक जरी पाळले तरी बरेच जीव वाचतील.

अंदाज कसा वाचायचा, तेही सांगतो. 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, वारा ताशी ४० ते ५० किलोमीटर' असे वाक्य आले की आपण 'तुरळक' शब्द धरतो आणि पुढचा वारा सोडून देतो. तुरळक म्हणजे खात्याच्या लेखी जिल्ह्यातली पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणे. शेताच्या हिशेबाने पाऊस आपल्याला चुकण्याचीच शक्यता जास्त, हे खरे. पण उजनीचे पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. त्या तिन्हींत कुठेतरी ढग फुटला तरी त्याचा वारा पाण्यावर उतरू शकतो. म्हणून काठच्या गावांनी आपल्या एका जिल्ह्याचा नव्हे, तिन्ही जिल्ह्यांचा अंदाज पाहावा. सकाळी दिवसभराचा पाहिला तरी दुपारी दोननंतर पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाज पुन्हा पाहावा, कारण हे ढग दोन तासांत जन्मतात आणि दोन तासांत मरतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे अ‍ॅप जवळपास वीज पडत असेल तर कळवते. गावातल्या कुठल्याही पोराच्या फोनवर ते चालेल.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर पाच प्रचंड तलाव आहेत. तिथल्या होडीवाल्यांसाठी हवामान खाते वारा आणि लाटांची उंची सांगणारा वेगळा अंदाज काढते. आपल्याकडे समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांना असा इशारा मिळतो, धरणाच्या पाण्यावरच्या भोयाला मात्र जिल्ह्याच्या अंदाजावर भागवावे लागते. उजनीसारख्या जलाशयासाठी वेगळा इशारा मागणे म्हणजे काही चंद्र मागणे नव्हे. आमदार-खासदार गावात येतील तेव्हा रस्त्याच्या जोडीला हीही मागणी कानावर घाला.

कोणी म्हणेल, जीव एवढा प्यारा तर होडीत बसताच कशाला? ज्याला भिगवण नाही तर टेंभुर्णीचा वळसा घालावा लागत नाही, त्याने हे विचारावे. पलीकडे लेक दिलेली आहे, बाजार आहे, दवाखाना आहे. शिरसोडी-कुगाव पुलाला मंजुरी मिळाली ही चांगली गोष्ट झाली, पण सगळ्या घाटांवर पूल होणार नाहीत. शिवाय मोटारींची कटकट आहेच. पाणी ओसरेल तशी काठावरची मोटार आणि पाइप पुढे न्यावे लागतात, वाढले की मागे आणावे लागतात. २०२५ चा मे आठवा. महिनाभर वळवाचा पाऊस, गार हवा, आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस थेट मुंबईत. एरवीची तारीख ११ जून. त्या मेअखेरीस उजनीचे पाणी चढू लागले आणि काठावर मोटारी काढायची धांदल उडाली. असल्या पावसाळी उन्हाळ्यात भर आभाळात होडी, नाहीतर पिंपांचा तराफा घेऊन मोटार काढायला जाणारा शेतकरी प्रवाशाइतकाच धोक्यात असतो. मोटार पुन्हा घेता येते.

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी यांच्याशी आता थोडे स्पष्ट बोलतो. दुर्घटना झाली की पंधरा दिवस होड्या बंद, पुढे सगळे पहिल्यासारखे. ही रीत मोडली पाहिजे. बंदी कागदावर राहते, कारण लोकांना जायचे असतेच. त्यापेक्षा मार्च ते जून दुपारी दोननंतर घाटावर एक जबाबदार माणूस ठेवा आणि इशारा असेल त्या दिवशी फेरी बंद करण्याचा अधिकार त्याला ग्रामसभेच्या ठरावाने द्या. होडीवाला गावचा, ओळखीचा, कधी भावकीतला. त्याला नको म्हणायला एकट्या पोलीस पाटलाची जीभ रेटत नाही. ठराव पाठीशी असला की रेटते. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात यांत्रिक होड्यांची नोंदणी सक्तीची आहे, आणि साध्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर करण्याची सोयही आहे. तुमच्या घाटावर किती होड्या आहेत आणि प्रत्येकीत किती माणसे बसावीत, हे आज ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहे का? नसेल तर या आठवड्यात लिहून काढा, आणि माणसांचा आकडा होडीवर ठळक रंगवा.

होडीवाल्या दादांनो, तुमच्याइतके पाणी आम्हाला कळत नाही. तरी दोन-तीन गोष्टी सांगू द्या. जितकी माणसे तितकी जाकिटे, आणि ती अंगात, फळीखाली नव्हे. लहान मुलांसाठी लहान मापाची वेगळी. जाकीट आणीपर्यंत झाकण घट्ट बसणारे वीस लिटरचे रिकामे कॅन तरी हाताशी बांधून ठेवा. धरून राहिले तर एक कॅन एका माणसाला तरंगता ठेवू शकतो. मध्यावर वाऱ्याने गाठलेच, तर ठरलेला काठ विसरा आणि जो जवळ असेल तो गाठा. इंजिन बंद करू नका, होडी लाटेला आडवी होऊ देऊ नका, तोंड किंचित तिरपे ठेवून हळू चाला. माणसांना उभे राहू न देता तळाशी बसवा. घाबरून सगळे एका कडेला सरकले की वाऱ्याचे काम आपणच पुरे करतो.

आणि काठावर असाल तर थांबा. वळवाचा जोर बहुधा तासाभरात ओसरतो. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्या, पाणी बसू द्या, मग होडी सोडा. तोवर अंधार पडला असेल, तर पलीकडे फोन करून सांगा, मुक्काम इकडेच करतो, सकाळी पहिल्या फेरीने येतो.